बॅटरी जपायची ती कुणासाठी?

फोन वापरणाऱ्यांचे हल्ली दोन पंथ झाले आहेत. पहिल्या पंथातली माणसं फोन ८० टक्क्यांवर पोचला की चार्जर काढतात, २० च्या खाली जाऊ देत नाहीत आणि कुणी रात्रभर फोन चार्जिंगला लावून झोपलं की त्याच्याकडे, नळ वाहता ठेवणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. दुसऱ्या पंथाचं म्हणणं सोपं आहे: फोन माझ्यासाठी आहे, मी फोनसाठी नाही. हॉस्टेलच्या खोलीत, ऑफिसात डबा खाताना, घरी भावंडांमध्ये हा वाद रंगतो आणि बहुतेक वेळा कुणीतरी एखादा व्हिडिओ शोधून काढतं तेव्हा मिटतो. पण व्हिडिओत तांत्रिक उत्तर मिळालं तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. जपल्यानं बॅटरी जास्त टिकते हे मान्य. पण ती जपायची कुणासाठी? आणि किती?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या पिढीनं दिवसातून सर्वाधिक वेळा हातात घेतलेली वस्तू फोन आहे. तिच्याशी आपण कसं वागतो, यात वस्तूंशी आणि वस्तूंमागच्या माणसांशी आपलं नातं काय, हे दिसतं.

आधी बॅटरीच्या आत काय चालतं ते पाहू. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या जडणघडणीसाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियमचं ऑक्साइड, आणि फोनच्या बॅटरीत त्या ऑक्साइडमध्ये बहुधा कोबाल्ट असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, फोन वापरताना परत फिरतात. या येण्याजाण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो गरजेचाही आहे, कारण तो आतली पुढची झीज आवरून धरतो. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात कामाचं लिथियम कायमचं अडकतं. बॅटरी म्हातारी होते ती मुख्यतः अशी.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, बॅटरी वापरल्यानं झिजते आणि नुसती पडून राहिल्यानंही झिजते. म्हणजे 'वापरायचीच नाही' हा जपण्याचा मार्गच तिला लागू होत नाही. दुसरी, ती सगळ्यात जलद झिजते ती पूर्ण भरलेली आणि तापलेली असताना. १०० टक्के भरलेल्या बॅटरीतला व्होल्टेज जास्त असतो, त्यामुळे आतल्या नको त्या रासायनिक क्रियांना जोर येतो. उष्णता त्यांना आणखी वेग देते. म्हणून २० ते ८० चा सल्ला. म्हणून उशीखाली चार्जिंगला ठेवलेला फोन, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडलेला फोन आणि चार्ज होता होता गेम खेळून तापलेला फोन, हे तिन्ही बॅटरीचं आयुष्य खातात. 'आधी पूर्ण संपू द्यावी, मग पूर्ण भरावी' हा जुना सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आजच्या फोनला तो लागू नाही. उलट शून्यापर्यंत नेणं तिच्या तब्येतीला वाईटच. चक्रांचा हिशोबही चार्जर किती वेळा लावला यावर नसतो. आज ५० टक्के वापरली, उद्या ५० टक्के वापरली, की एक चक्र पूर्ण. त्यामुळे दिवसातून दोनदा थोडं थोडं चार्ज केल्यानं काही बिघडत नाही.

एवढं तंत्र पुरे. आता 'कुणासाठी' या प्रश्नाकडे येऊ.

पहिलं उत्तर चटकन सुचतं: स्वतःच्या खिशासाठी. बॅटरी टिकली की फोन टिकतो, फोन टिकला की पंधरा-वीस हजार वाचतात. यात चूक काहीच नाही. मात्र हा नुसता फायद्या-तोट्याचा हिशोब आहे, आणि हिशोब बदलला की निष्ठाही बदलते. ज्याला दरवर्षी नवा फोन घेणं परवडतं, त्याला मग बॅटरी जपायचं काही कारणच उरत नाही. एक्स्चेंज ऑफर चांगली असेल तर ज्याला परवडत नाही त्यालाही उरत नाही. शिवाय काही जण म्हणतात तशी यात विजेची बचतही फारशी नाही. ५००० एमएएचची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी धरूनही, सुमारे पाव शतांश युनिट नव्हे, तर एका युनिटचा चाळिसावा भाग लागतो. रोज शून्यापासून पूर्ण भरली तरी वर्षाला नऊ-दहा युनिट. एका पंख्याच्या हिशोबापुढे हे काहीच नाही. तेव्हा 'वीज वाचवतो' या समाधानात बॅटरी जपण्याचं कारण सापडत नाही.

दुसरं उत्तर संस्काराचं आहे: वस्तू जपावी, कारण जपणं चांगलं. आपल्या घरांमध्ये हे उत्तर कुणी शब्दांत मांडलं नाही, करून दाखवलं. पितळी भांड्यांना कल्हई लावून घेतली जायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, छत्रीच्या काड्या बदलून तीच छत्री पुढच्या पावसाळ्यात निघायची. मराठीत यासाठी सुंदर शब्दप्रयोग आहे: पुरवून पुरवून वापरणं. त्यात वापरणंही आहे आणि उद्याचा विचारही. पण या उत्तरातही एक अडचण आहे. जपणं हाच गुण मानला तर कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेला, पाहुण्यांसाठी राखलेला आणि पाहुण्यांनाही कधी न मिळालेला काचेचा डिनर सेट हा सद्गुणाचा कळस ठरेल. जपण्याच्या नावाखाली वस्तू वापरातूनच काढून घेणं, ही काटकसर नव्हे. आणि बॅटरीच्या बाबतीत तर तो मार्गच बंद आहे, कारण कपाटातली बॅटरीही म्हातारी होते.

तिसरं उत्तर मला पटतं, आणि ते सांगायला गांधीजींच्या पेन्सिलीची गोष्ट उपयोगी पडेल. ती काका कालेलकरांनी सांगितली आहे. १९१५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी काहीतरी शोधत होते. काकांनी विचारलं तर कळलं, एक छोटी पेन्सिल हरवली आहे. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण गांधीजींना तीच हवी होती, कारण मद्रासमध्ये नटेसन यांच्या लहान मुलानं ती त्यांना प्रेमानं दिली होती. दोघांनी मिळून शोधली आणि सापडली तेव्हा ती जेमतेम दोन इंचांची होती. ही गोष्ट सहसा काटकसरीचा धडा म्हणून सांगतात. पण काटकसरच करायची असती तर काकांची फुकट मिळणारी पेन्सिल घेऊन काम भागलं असतं. गांधीजी पेन्सिल शोधत होते ते त्या मुलासाठी. वस्तूमागे एक माणूस होता, आणि वस्तू हरवणं म्हणजे त्या माणसाकडे दुर्लक्ष करणं होतं.

आपल्या बॅटरीमागे कोण आहे? आपल्याला कुणी ती प्रेमानं भेट दिलेली नाही, आपण पैसे मोजले आहेत. पण पैसे मोजले म्हणून मागची माणसं नाहीशी होत नाहीत. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताक या एका देशातून येतो. तिथल्या कोल्वेझी शहराच्या आसपास मोठ्या यांत्रिक खाणी आहेत, तशी हातानं खणणारी माणसंही आहेत. कुदळ, फावडं, पोतं आणि आधार नसलेले बोगदे, एवढ्यावर त्यांचं काम चालतं. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या कामात लहान मुलंही असल्याचं नोंदवलं होतं. तो कोबाल्ट व्यापाऱ्यांकडून शुद्धीकरण कारखान्यांत जातो आणि पुढे बॅटरीत. हे झालं बॅटरीच्या जन्माआधीचं. तिच्या मृत्यूनंतरचं पाहायला इतकं लांब जायला नको. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये गल्लीगल्लीत जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं फोडून त्यातले धातू वेगळे केले जातात. हातमोजे, मास्क ही तिथे चैन आहे. आपल्या हातात बॅटरी दोन-चार वर्षं असते. तिच्या आधी आणि नंतर दुसऱ्यांचे हात असतात. बॅटरी दोन वर्षांऐवजी चार वर्षं चालली, की त्या हातांनी सोसलेल्या गोष्टीतून दुप्पट काम निघालं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मी पुण्यात ८० टक्क्यांवर चार्जर काढला, म्हणून कोल्वेझीतल्या कुणाचा बोगदा सुरक्षित होणार आहे का? उलट सगळ्यांनीच फोन दुप्पट वापरले, तर मागणी घटून त्याची रोजीच बुडणार नाही का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. माझ्या चार्जिंगच्या सवयीनं तिथं काही बदलत नाही. पण आपण हाच युक्तिवाद ताटातल्या अन्नाबद्दल करत नाही. मी पानातला भात संपवला म्हणून दुसऱ्या कुणाचं पोट भरत नाही, हे आजीलाही माहीत असतं. तरी 'पानात टाकू नये' ती सांगते, कारण पिकवणाऱ्याच्या आणि रांधणाऱ्याच्या कष्टांची आपल्याला किंमत आहे की नाही, हे त्या पानात दिसतं. बॅटरी जपणं ही मदत नाही. तो हिशोब वेगळा आहे, आणि मदत केल्याचा आव त्यात आणू नये. ती फक्त कदर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की, कुणाला काम मिळावं म्हणून ताटातलं अन्न फेकावं, असं आपण म्हणत नाही. खाणकामगाराला हवी आहे चांगली मजुरी आणि न कोसळणारा बोगदा. आपण फोन लवकर खराब केल्यानं यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग 'किती जपायची'? इथं पहिल्या पंथाची गडबड होते. २० ते ८० हा आकडा हाती आला, की तो धर्म होतो. पण अ‍ॅरिस्टॉटल मध्यमाबद्दल बोलला तेव्हा त्यानं नेमका हाच धोका सांगितला होता. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून सगळ्यांनी सहा माप खावं, असं होत नाही. मायलो नावाच्या पैलवानाला सहा माप कमी पडेल आणि तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. मध्य अंकगणितानं काढायचा नसतो, ज्याच्या-त्याच्या परिस्थितीनं काढायचा असतो.

आता हे फोनला लावून पाहा. ज्याच्या टेबलाशेजारी दिवसभर प्लग आहे, त्याला ८० वर थांबणं सोपं आहे. पण जेवण पोचवणारा मुलगा दुपारी दोन वाजता, मोटारसायकलच्या हँडलवर लावलेल्या स्टँडमध्ये फोन अडकवून नागपूरच्या मे महिन्यात फिरतो. तिथं पारा ४५ च्या आसपास असतो. नकाशा चालू, स्क्रीनचा उजेड पूर्ण, इंटरनेट चालू, पॉवर बँक जोडलेली. बॅटरीला वाईट ते सगळं तिथं एकाच वेळी घडतं, आणि त्याच्याकडे पर्याय नाही, कारण फोन बंद पडला की ऑर्डर जाते. शेतावरच्या वस्तीत वीज पाळीपाळीनं येते. तिथं वीज असेल तेव्हा १०० टक्के भरून घेणं हाच शहाणपणा. रात्री उशिरा एकटीनं परत येणाऱ्या मुलीनं फोन पूर्ण भरून निघावं. तिथं बॅटरीच्या आयुष्याचा विचार करणं मूर्खपणाचं ठरेल. 'चांगल्या सवयी' सांगताना आपण नकळत गृहीत धरतो की ऐकणाऱ्याकडे सावली आहे, प्लग आहे आणि वेळ आहे. नैतिक सल्ल्याची ही नेहमीचीच खोड आहे: ज्यांना तो पाळणं सोपं, त्यांनी तो बनवलेला असतो, आणि ज्यांना पाळता येत नाही, ते निष्काळजी ठरतात. म्हणून दुसऱ्याच्या १०० टक्क्यांकडे बघून नाक मुरडण्याआधी, त्याचा दिवस कसा जातो हे विचारावं.

दुसरी गडबड भीतीची आहे. फोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' दिसायला लागल्यापासून काही जण तो आकडा रोज पाहतात. ९३ चा ९२ झाला की दिवस खराब. पण बॅटरी झिजण्यासाठीच असते. ती न झिजणं हे ध्येय असूच शकत नाही. प्रश्न एवढाच, की ती कशासाठी झिजली. आईशी तासभर व्हिडिओ कॉलवर बोलण्यात झिजली, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचण्यात झिजली, तर ती कारणी लागली. उन्हात डॅशबोर्डवर विसरल्यानं झिजली, ती वाया गेली. जपणं आणि घाबरणं यातला फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे. चांगली सवय एकदा लागली की विसरायला होते. ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये एकदा लावून दिली, फोन सावलीत ठेवायची सवय झाली, की त्यावर विचार करावा लागत नाही. जी काळजी दिवसातून दहा वेळा आपल्याला आकडा पाहायला लावते, ती बॅटरी वाचवत असेल, पण आपलं लक्ष खर्च करते. आणि लक्ष ही तर परत चार्ज न होणारी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वापरणाऱ्याच्या सवयींवर इतकं बोलताना, बनवणाऱ्याची जबाबदारी हळूच नजरेआड होते. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसं केल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. पण वापरणाऱ्यांना हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. फोन मंदावला, की नवा घ्यायला हवा, असं अनेकांना वाटलं, जेव्हा की नुसती बॅटरी बदलून काम झालं असतं. २०२० मध्ये फ्रान्समध्ये याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. इथं वापरणाऱ्यानं कितीही इमानेइतबारे बॅटरी जपली असती, तरी खरी माहिती त्याच्या हातात नव्हती.

आकडेही बनवणाऱ्याच्या हातात असतात. ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता, असं आपल्या बॅटरीबद्दल सांगणाऱ्या अ‍ॅपलनं २०२४ मध्ये पुन्हा चाचण्या करून आयफोन १५ मालिकेसाठी तोच आकडा १००० चक्रांवर नेला. बॅटरी जास्त टिकवणं कंपन्यांना शक्य असतं. ते कधी करायचं, हे त्यांच्यावर येणाऱ्या दबावावर अवलंबून राहतं. युरोपीय संघानं तो दबाव कायद्यानं आणला. २० जून २०२५ पासून तिथं विकायला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची असावी लागते. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता यावी, असाही नियम लागू होणार आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारचं पोर्टलही सुरू झालं. पण त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा आपण फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर 'याची बॅटरी बदलून मिळते का, केवढ्याला, आणि किती वर्षं' हेही विचारू.

या प्रश्नाला मी चार्जिंगच्या सवयीइतकंच महत्त्व देईन. कारण कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हजार-दीड हजारात बॅटरी बदलून घेणं, हेही जपणंच आहे, आणि ८० टक्क्यांच्या शिस्तीपेक्षा अनेकदा जास्त परिणामकारक. एक फोन आणखी दोन वर्षं चालतो, कोपऱ्यावरच्या कारागिराला काम मिळतं, आणि जुनी बॅटरी ओल्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता योग्य ठिकाणी दिली, तर तिच्यातला धातू पुन्हा कामाला येतो. कल्हईवाला गेला, पण त्याचं काम संपलेलं नाही.

तेव्हा दोन्ही पंथांना थोडं थोडं द्यावं लागेल. फोन आपल्यासाठी आहे, आपण फोनसाठी नाही, हे दुसऱ्या पंथाचं म्हणणं खरं आहे. फक्त तो एकट्या आपल्यासाठी, आपल्या एकट्याच्या कष्टातून आलेला नाही. आणि जपावं, हे पहिल्या पंथाचं म्हणणंही खरं आहे. फक्त जपण्याचं माप टक्क्यांत नाही, वर्षांत मोजावं. जमेल तेव्हा ८० ला थांबावं, लागेल तेव्हा १०० करावं, उन्हात ठेवू नये, उशीखाली तर नाहीच नाही. बॅटरी थकली की बॅटरी बदलावी, फोन नव्हे. आणि यातलं काही जमत नसलेल्या माणसाला उपदेश करण्याऐवजी, आपल्या शेजारचा प्लग थोडा वेळ मोकळा करून द्यावा.